सुमनआत्याची संमती

लग्नाच्या पंगतीत सुमनआत्याच्या शेजारी बसायला आमच्या घरात कुणी तयार नसतं. वाढपी जिलबी घेऊन आला, की ती पानावर आडवा हात धरते आणि खणखणीत आवाजात सांगते, "मी सज्ञान आहे, शुद्धीवर आहे, जिलबीचे परिणाम मला समजलेले आहेत. नको."

आता आमच्याकडं नको म्हणणाऱ्याला दोन जास्त वाढायची पद्धत. वाढपी बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडतो. झालं! आत्या उठून उभी राहते. "संमती नसताना वाढलंय!" अर्धी पंगत जेवायची थांबते आणि नवरीचा बाप धावत येऊन विचारतो, "काय झालं? जिलबी कमी पडली का?"

आत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. कवठे महांकाळकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली ही मुलगी वकील झाली आणि कोर्टात न जाता मुंबईला सरकारच्या आरोग्य खात्यात कायदे-नियम लिहायला बसली. साथीचे नियम, लसीकरणाची परिपत्रकं, रोग्यांचे हक्क, यात तिचा जन्म गेला. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सांगलीत आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहायला आली आणि आमचं सुख संपलं.

तिचे प्रश्न दोनच. "सांगितलं का? विचारलं का?" माझ्या साडेतीन महिन्यांच्या मुलीला लस द्यायला नेलं, तेव्हा आत्यानं नर्सबाईंना आधी बाळाला समजावून सांगायला लावलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बाळा, सुई टोचणार आहे. थोडं दुखेल. मग थांबेल." बाळानं डोळे मोठे करून ऐकून घेतलं आणि सुई टोचल्यावर दवाखाना डोक्यावर घेतला. "बघितलंस?" आत्या कौतुकानं म्हणाली, "समजून रडली!"

नोकरीतही तिची तऱ्हा हीच. ऑपरेशनआधी रोग्याची सही घेतात, त्या फॉर्मचा मसुदा एकदा तिच्याकडं आला. अडीच पानं. बाई रजा टाकून गावी आली आणि आठवडी बाजारात जाऊन बसली. एकेक वाक्य भाजीवाल्या बायकांना वाचून दाखवायचं, आणि ज्या शब्दाला समोरची गप्प होईल त्यावर काट मारायची. 'शस्त्रक्रियेअंती उद्भवणाऱ्या संभाव्य गुंतागुंतींबाबत' इथं एक लसूणवाली म्हणाली, "आवं बाई, कापनार हायती, आन कायतरी इस्कटलं तर ते बी सोसायचं, आसंच न्हवं?" आत्यानं तिचा अख्खा लसूण विकत घेतला.

फॉर्म एका पानाचा झाला. साहेब चिडले, "ही काय कायद्याची भाषा आहे?" आत्या म्हणाली, "साहेब, लसूणवालीला समजली."

गेल्या वर्षी अण्णांचं खाणं सुटलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला धिप्पाड माणूस महिन्याभरात खाटेला लागला. मिरजेच्या दवाखान्यातून रिपोर्ट आला, तो वाईट होता. सगळे करतात तेच आम्ही केलं. त्यांना सांगायचं नाही असं ठरवलं. संमतीच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून मी सही केली.

आत्यानं फाईल मागून घेतली. आता भाषण होणार म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"अण्णाला विचारलंस?"

"नाही. त्यांना झेपणार नाही, आत्या."

ती खुर्चीत बसली. फाईल मिटून तिनं मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "आईच्या वेळी मीही हेच म्हणाले होते. लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. डॉक्टरांनी मला सांगितलं, मी सही केली. आई रोज विचारायची, काय झालंय गं मला? मी म्हणायची, पित्त आहे. शेवटपर्यंत पित्तच. तिला कुणाला भेटायचं होतं, काय बोलायचं होतं, विचारलंच नाही मी."

इतकी वर्षं आम्ही हिला हसत होतो. मला माझीच लाज वाटली.

ती उठून अण्णांच्या खाटेवर जाऊन बसली. मी दारातच थांबले.

"दादा, तुला काय झालंय ते कळलंय. आयकायचं हाय का तुला?"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. "सांग."

"कॅन्सर हाय. लिवरमदी पसरलाय. बरा हुनार न्हाई, पर दुखू नये म्हणून औषधं हायती." एरवी तासभर बोलणाऱ्या आत्याला एवढं बोलताना तीनदा थांबावं लागलं.

अण्णांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "बरं. मंग एकदा गावाकडं जाऊन यिऊ."

"जाऊ की."

"सुमे, आईला बी ठावं हुतं."

"काय?"

"समदं. दवाखान्यात शेजारच्या खाटंवरच्या बाईनं सांगितल्यालं. मी रजेवर आलो तवा मला म्हनली, सुमीला बोलू नगंस. पोरीला वाटतंय, आपण आईला जपलं. वाटू दे तिला."

 आत्या लहान पोरीसारखी म्हणाली, "आन तू मला आत्ता सांगतुयास व्हय, दादा?"

अण्णांनी चाचपडत तिचा हात धरला.

"तू मला सांगितलंस न्हवं आज. म्हणून."