उतारा नव्हता, कचरा होता

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ पक्की सांगते, कारण जालन्याची यष्टी तेव्हाच सुटते आणि आमच्या मागच्या खोलीतली दोन्ही पोरं ती गाठायला ट्रंका घेऊन पळत सुटली होती. धर्मराज आणि काकासाहेब. राजूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून मॅट्रिकसाठी भोकरदनला येऊन राहिली होती. वर्षभर त्यांच्या आयांनी गाडीवर डबे पाठवले, वर्षभर त्यांनी मोठमोठ्यानं पाठांतर केलं, आणि वर्षभर मी भिंतीवर लाटणं आपटून त्यांना गप्प केलं. परीक्षा संपली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. धर्मराजनं माझ्या बेबीनंदाच्या गालाला हात लावला आणि म्हणाला, "लई गोड हाय, वहिनी. घेऊन जाऊ का गावाला?" मग दोघं एकमेकांकडं बघून हसले.

ते हसणं मला खटकलं. लाटण्याचा राग माणूस इतक्या सहज विसरत नसतो.

तरी मी ठरवलं, खोली आजच झाडून घ्यायची. आमचे हे म्हणाले होते, "रविवारी मी झाडतो." (कोणत्या रविवारी ते म्हणाले नव्हते.) मी पदर खोचला, बेबीला पाळण्यात टाकलं आणि झाडू घेऊन आत गेले.

कचऱ्याचं मला काही वाटत नाही. कंदिलाच्या काचा, रॉकेलच्या चिंध्या, शाईच्या रिकाम्या दौती, एकाच पायाची चप्पल, मिलोच्या भाकरीचे वाळून खापर झालेले तुकडे (दुष्काळातली ती लाल ज्वारी आपण खाल्ली, पण उंदरांनी तोंड लावलेलं नव्हतं). हे सगळं मी भराभरा गोळा केलं. मग कोनाड्यात हात घातला.

आत लिंबू होतं. लिंबाच्या एका अंगानं खिळा ठोकलेला, दुसऱ्या अंगानं तांब्याची तार खुपसलेली.

त्याच्या शेजारी कागदाची पुडी. उघडली तर काळे केस. खाली लाल डागांचं फडकं. आणि भिंतीला टाचणी मारून लावलेला एक कागद. त्यावर उघडा माणूस काढलेला, छाती फाडलेली, काळजाला बाण, पोटाला बाण, मेंदूला बाण. (सातवीत आम्हालाही असली एक आकृती होती असं म्हणतात. आमच्या बाई ते पान न बघता उलटायला लावायच्या.)

मी झाडू टाकून पाळण्याकडं धावले. कारण बेबीनंदा कालपासून कुरकुरत होती. अंग कोमट, लाळ गळायची, दुधाची वाटी पुढं केली की मान फिरवायची. माझं दूध आटलेलं, ती वरच्या दुधावर. लेकरानं ते सोडलं तर तिनं जगावं कशावर, हाच घोर मला रात्रभर लागला होता. आता कारण हातात आलं होतं, खिळ्यासकट.

यांना सांगायची सोय नव्हती. आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली देव, दोरे, गंडे सगळं सोडलं. आमचे हे पंचायत समितीत कारकून, आणि रविवारी विहारात अंधश्रद्धेवर बोलतात. बायामाणसं पहिल्या रांगेत बसतात, आणि पहिल्या रांगेत पहिली मी. त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगणार की लिंबाला खिळा आहे म्हणून?

म्हणून मी मागच्या गल्लीतल्या गिरिजाबाईंकडं गेले. त्या सुपात धान्य निवडत बसल्या होत्या.

"मावशी," मी म्हणाले, "एखाद्याच्या घरात खिळा मारलेलं लिंबू निघालं तर काय करावं?"

"कोणाच्या घरात?"

"माझ्या आत्याच्या. लांब असते ती. आष्टीला."

गिरिजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "बेबीची माय, आत्याला म्हणावं उकिरड्यावर टाकू नको. उकिरडा घराचाच असतो. तीन रस्ते फुटतात तिथं टाकायचं, दिवस बुडताना. लेकराच्या अंगावरून उतरवून. अन् माघारी बघायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"लेकराच्या? मी लेकराचं काही बोलले नाही."

"आत्याला लेकरू नसंल मंग," गिरिजाबाई म्हणाल्या आणि परत सूप हातात घेतलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण पुढं यावरूनच सगळं झालं. मी उतारा टाकला नाही. मी कचरा टाकला. तो तिठ्यावर टाकला, कारण तिठा जवळ होता. दिवस बुडताना टाकला, कारण त्याआधी स्वयंपाक होता. गाठोडं बेबीच्या अंगावरून तीन वेळा फिरलं असेल, पण एका कडेवर लेकरू आणि दुसऱ्या हातात ओझं असलं की हात बदलताना असं होतं. भाकरीचे तुकडे शिळेच होते. कोळसा चुलीतला होता, तोही टाकायचाच होता. आणि मागं वळून बघितलं नाही, कारण मागं बघण्यासारखं काही नव्हतं.

रात्री बेबी गाढ झोपली. मी मनात म्हणाले, बघा.

सकाळी दूध आलं नाही.

आमचा दूधवाला तातेराव कधी चुकत नाही. वाट बघून बघून मी बाहेर आले, तर तिठ्याच्या पलीकडं तातेराव चरवी घेऊन उभा, अलीकडं आमची अर्धी गल्ली उभी, आणि मध्ये माझं गाठोडं. रात्रीतून कुत्र्यानं ते सोडलं होतं. लिंबू वर, बाणांचा माणूस शेजारी, केस वाऱ्यावर.

"तातेराव, दूध," मी म्हणाले.

"ओलांडून न्हाई येत बाई. चरवीत दूध हाय. दुधावरून म्हशीवर जातं."

"बाजूनं या."

"बाजूचा रस्ता हौदावरून हाय. तेवढं फिरस्तोवर दूध नासतं. दूध नासलं तर हे लिंबानं केलं का उन्हानं, कसं कळावं?"

घरातून बेबीचा आवाज आला. आज ती भुकेनं रडत होती, आणि ज्या दुधाला काल मान फिरवत होती तेच आज तिला पाहिजे होतं. मी तिला घेऊन आले, पाणी पाजलं, ती आणखी रडली. एवढ्यात आमचे हे दात घासत बाहेर आले.

मी मनातल्या मनात धरणीला म्हणाले, दुभंग. धरणी आमच्या नात्यातली नाही.

"काय भानगड आहे?" त्यांनी विचारलं. कोणीतरी बोट दाखवलं. त्यांनी चूळ भरली, आणि रविवार नसताना त्यांचा रविवारचा आवाज लागला. "हे कोणा अडाणी बाईचं काम आहे. तिला धरून शाळेत घातलं पाहिजे."

(मी सातवी पास आहे.)

ते पुढं गेले आणि लिंबू हातात घेतलं. गल्ली दोन पावलं मागं सरली. "अरे, हे तर शास्त्र आहे. ह्यातून वीज निघते. आम्ही शाळेत केलंय. आणि ही आकृती शरीराची आहे, पोरं पाठ करतात. डाग लाल शाईचे, केस हजामतीचे. बघा, आता जिभेला लावून दाखवतो."

त्यांनी लिंबू पिळून नरम केलं, खिळा आणि तार दोन्ही जिभेवर टेकवली, आणि एकदम असा झटका बसला की धोतर सावरावं लागलं.

"धरलं," तातेराव म्हणाला.

"धरलं नाही. करंट आहे."

"तेच म्हणून राह्यलो मी. धरलं."

"संपतराव," गिरिजाबाई पुढं आल्या, "ते जाऊ द्या. गाठोडं कशात बांधलंय बघितलं का? सदरा तुमचाच वाटतो. शाईचा डाग खिशाला, बराबर तुमच्यासारखा."

यांनी खाली बघितलं. मीही बघितलं. जुना सदरा होता, फाटका, लादी पुसायला काढलेला. घाईत हाताला लागेल ते घेतलं होतं मी.

गल्ली आणखी दोन पावलं मागं सरली. कारण कोणाच्या सदऱ्यात खिळ्याचं लिंबू आणि बाण मारलेला माणूस बांधला म्हणजे करणी कोणावर, हे सगळ्यांना कळतं. यांनाही कळलं. त्यांनी लिंबू हळूच खाली ठेवलं आणि हात सदऱ्याला पुसला, मग कोणत्या सदऱ्याला पुसला ते बघून परत झटकला. मग माझ्याकडं बघितलं. मी बेबीकडं बघितलं.

"सदरा," ते म्हणाले, "वाळत घातलेला. चोरीला गेला होता."

"चोरून केलंय," गल्ली म्हणाली. आता तर तातेरावनं चरवीचं झाकण लावलं आणि पाठ फिरवली.

तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांपुढं फक्त ती चरवी राहिली. मी बेबीला यांच्या हातात दिलं, सरळ तिठ्यावर गेले आणि लिंबू, केस, फडकं, माणूस, भाकरी, सगळं दोन्ही हातांनी गोळा केलं. "हा माझ्या घरचा कचरा हाय," मी म्हणाले. "पोरांनी सोडलेला. मीच टाकलाय. तातेराव, थांबा, दूध घाला."

"मंग उकिरड्यावर का न्हाई टाकला?"

मी गाठोडं काखेत मारलं, दारातलं दुधाचं भांडं उचललं, तिठा ओलांडून पलीकडं गेले आणि ते पुढं केलं. तातेराव माझ्या हातांकडं बघत राहिला. मला काही होतंय का, याची वाट बघत असावा. (मीही बघत होते.) काही झालं नाही. त्यानं माप भरलं, वर धारही जास्तीची सोडली.

बेबी वाटीभर दूध गटागटा प्यायली. गिरिजाबाईंनी तिच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाल्या, "दात आला की हिला. म्हणून कुरकुरत होती. आत्याला कळवा."

यांनी कचरा स्वतः उकिरड्यावर नेऊन पुरला, आणि तो सदरा पुरताना माघारी बघितलं नाही.

मला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्याच दिवशी एक बाई दारात आली, पदराखाली लिंबू. "तुम्ही हातानं उचलता म्हणे, अन् तुम्हाला काही होत न्हाई." मी तिला विहार, छप्पन साल, वीज, सगळं समजावलं. ती हो हो म्हणाली आणि लिंबू उंबऱ्यावर ठेवून गेली. मग दुसरी आली. आता तर राजूरकडून यष्टीनं येतात. मागची खोली अजून रिकामी आहे, कारण जो भाडेकरू बघायला येतो त्याला तिथं लिंबं दिसतात.

म्हणून हे लिहिते. वाचणाऱ्यांनी एवढं पुढं सांगावं: भोकरदनला पंचायत समितीतल्या संपतरावांच्या घरी करणी काढत नाहीत. तिथं राहणारी बाई सातवी शिकलेली आहे आणि तिचा असल्या गोष्टींवर बिलकुल विश्वास नाही. आणि एवढं सांगूनही कोणी येणारच असेल, तर त्याला म्हणावं, दिवस असतानाच या. अंधार पडल्यावर मला एकटीला तिठ्यावर जायची भीती वाटते.