ताटके काकांचा सरळ बंपर

आमच्या सोसायटीत कुणी नवा माणूस आला, की वॉचमनने नाव विचारायच्या आधी ताटके काका त्याला गाडीसमोर उभं करत. "जरा वाका," ते म्हणत. "आणखी वाका. एक डोळा मिटा. आता सांगा, बंपरचं डावं टोक पुढे आलंय का?" कुरिअरवाला, गॅसवाला, पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या बाई, सगळे त्या बंपरपुढे वाकून गेले. मला बघायला आलेल्या मुलाचे वडीलसुद्धा वाकले. त्यांची कंबर तिथेच धरली आणि लग्नाची बोलणी त्यांनी आमच्या सोफ्यावर आडवं पडून केली. यवतमाळहून मुद्दाम आलेले माझे बाबा तेव्हापासून पुण्याचा विषय निघाला की फक्त मान हलवतात. मला तर त्या दिवशी धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

बरं, उत्तर काय द्यावं? "सरळ आहे" म्हटलं, की काका म्हणत, "एवढ्या लवकर दिसलं? वा!" "पुढे आलंय" म्हटलं, की चष्म्याचा नंबर विचारत. आमचा वॉचमन एकदा मोकळेपणाने म्हणाला, "सरळ हाय की काका, येकदम." त्यावर काका म्हणाले, "गावाकडे नांगर धरायचास ना तू? बघायला पाहिजे एकदा तुझं शेत."

गाडी कुठल्या कंपनीची, ते मी सांगत नाही. काकांच्या मते ज्याला ते विचारावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो. पिस्त्याच्या रंगाची, गोल दिव्यांची, आणि पुढे असा लखलखीत क्रोमचा बंपर की त्यात बघून भांग पाडावा. आम्ही आयटीतली मंडळी तेव्हा नुकती हप्त्यांवर गाड्या घ्यायला लागलो होतो. आमच्या प्लास्टिकच्या बंपरांना काका 'कवळी' म्हणत. "काय, नवी कवळी बसवली वाटतं?" हे त्यांचं अभिनंदन. ते स्वतः एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. कॉम्प्युटर आले, ड्रॉइंगचे बोर्ड भंगारात गेले आणि काका घरी आले. येताना सगळी काटेकोरी बरोबर घेऊन आले.

ती काटेकोरी आता रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सांडत असे. काकांनी स्वतः आखलेल्या दोन पिवळ्या रेघांमध्ये गाडी उभी करायची, समोर भिंत. मग बंपरच्या डाव्या टोकापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजायचं, उजव्या टोकापासून मोजायचं, आणि फरक पडला की बोल्ट ढिले करून मागे एखादा वॉशर सारायचा. पुन्हा आवळायचं, पुन्हा मोजायचं. टेपचं दुसरं टोक धरायला मी असायचेच, कारण माझा फ्लॅट तळमजल्यावर आणि माझा स्वभाव भिडस्त.

काकांनी काकूंना गाडी शिकवायला घेतली, तेव्हा सोसायटीला फुकट करमणूक मिळाली. काकू शाळेतून रिटायर झालेल्या. वारज्याला त्यांची बहीण राहायची, तिच्याकडे स्वतः गाडी चालवत जायचं एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि खरं सांगते, त्या छान चालवायच्या. काका शेजारी बसून "क्लच! क्लच!" ओरडत असायचे आणि काकू शांतपणे गाडी पुढे न्यायच्या. वर्गात चाळीस पोरं सांभाळलेल्या बाईला एक पोर काय जड?

एका सकाळी त्या गाडी आत घेत होत्या. आम्ही सगळे ऑफिसला निघालेलो, पार्किंग भरलेलं. वळताना डावीकडच्या खांबाला बंपरचं टोक लागलं. आवाज फार मोठा नव्हता. काकांचा मात्र होता. "डोळे आहेत की बटणं? एवढा खांब दिसत नाही? तीस वर्षं मुलांना काय शिकवलंस गं तू?" आणि बरंच काही. मी स्कूटरच्या डिकीत डोकं घालून काहीच शोधत नव्हते. बाकीचेही कुणी बूट बघत होतं, कुणी घड्याळ. काकू खाली उतरल्या, किल्ली बॉनेटवर ठेवली आणि जिना चढून वर गेल्या.

त्यानंतर त्या वारज्याला रिक्षाने जायला लागल्या. गाडीशेजारून जाताना पदरसुद्धा लागू देत नसत.

काकांनी बंपर ठोकून घेतला, भवानी पेठेतून नव्याने क्रोम करून आणला आणि पुन्हा भिंतीपासून मापं घेऊन बसवला. तेव्हापासूनच ते 'वाका, एक डोळा मिटा' सुरू झालं. त्यांना बंपर सरळ बसल्याचं समाधान कधी मिळायचंच नाही. मला वाटायचं, म्हातारा कामातून गेला.

मग सोसायटीने पार्किंगमध्ये चौकड्यांच्या फरश्या घातल्या. काम फाटकापासून सुरू झालं आणि सरळ ओळीत काकांच्या भिंतीपर्यंत आलं. मी संध्याकाळी ऑफिसातून आले तर काका भिंतीपाशी उकिडवे बसलेले. शेवटच्या ओळीच्या फरश्या कापून बसवल्या होत्या. उजव्या कोपऱ्यात करंगळीएवढी पट्टी, आणि डावीकडे सरकत सरकत ती पार तळहाताएवढी रुंद झाली होती. काका त्या ओळीवरून बोट फिरवत होते. एकदा उजवीकडून डावीकडे, मग उलट.

"भिंत तिरकी आहे," मी म्हणाले. फरशी बघून कुणीही म्हणालं असतं.

काका म्हणाले, "मापं मी या भिंतीवरून घेतली. म्हणजे डावं टोक दोन बोटं पुढे होतं. आधीपासून." मग मागे वळून खांबाकडे बघत म्हणाले, "तिने बरोबरच वळवली होती."

त्यांचे कान लाल झाले होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

पुढचे काही दिवस गाडीवर कव्हर. कुणाला वाकवणं नाही, कवळी नाही. कुरिअरवाला सवयीने वाकला तर काका त्याच्यावर खेकसले. मग एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"त्या दिवशी तू खाली होतीस ना?"

"कुठल्या दिवशी?" मी उगीच विचारलं.

"वेड पांघरू नकोस. कोण कोण होतं?"

मला आठवली तेवढी नावं मी सांगितली. त्यांनी प्रत्येकाच्या दाराची बेल वाजवली आणि तेच वाक्य सांगितलं, "रविवारी सकाळी खाली या. चहा मिळणार नाही."

आम्ही गेलो. काकांनी गाडी बाहेर मोकळ्या जागेत काढली होती. बंपर या वेळी भिंतीवरून नाही, गाडीच्याच चाकांवरून मापं घेऊन बसवला होता. आम्ही अर्धगोल करून उभे. शिव्या फुकट ऐकल्या होत्या, आता हेही ऐकायचं होतं, आणि कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं. काकांनी वर बघून हाक मारली, "सुमन, खाली ये." काकूंचं नाव सुमन आहे, हे मला तेव्हा कळलं.

काकू आल्या. हात पदराला पुसत होत्या. आम्हाला बघून जिन्याच्या पायरीवरच थांबल्या.

"सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो," काका म्हणाले. "चूक तुझी नव्हती. बंपर मी वाकडा बसवला होता."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गॅसवाल्याला विचारलंत. पोलिओवाल्या बाईंना विचारलंत. मला विचारलंत का कधी?"

काकांनी किल्ली पुढे केली. काकूंनी किल्लीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, खांबाकडे बघितलं. "नको," त्या म्हणाल्या. "पुन्हा लागला तर?"

काकांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि चालत जाऊन डावीकडच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले. अगदी तिथेच, जिथे टोक लागलं होतं.

"आण आत."

"अहो, सरका तिथून. वेड लागलंय का?"

"नाही सरकत. आण."

काकू गाडीत बसल्या. गाडी चालू केली. मी काकूंच्या बाजूने बघत होते. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. गाडी हळूहळू वळली, काकांच्या दिशेने आली, आणखी आली. एरवी "क्लच! क्लच!" ओरडणारा माणूस गप्प उभा होता. बंपरचं टोक त्यांच्या पँटच्या इस्त्रीला जेमतेम टेकलं आणि गाडी थांबली. काकांनी खाली बंपरकडे बघितलंच नाही. ते काचेतून काकूंकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

काकूंनी इंजिन बंद केलं, खिडकीची काच खाली घेतली आणि त्यांच्याकडे बघत बसून राहिल्या. काकांना तिथून बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. त्यांनी ती मागितलीही नाही.