अर्ध्या वेगाचं पाणी

माणसाच्या मांसातून अल्ट्रासाउंड किती वेगाने धावतो हे मोजायला माणूस लागत नाही, चांगली जेली लागते, असं पदार्थविज्ञानाच्या सरांनी प्राचार्यांना ठणकावून सांगितलं. मांसाइतकी लुसलुशीत जेली लावायची, तिला यंत्राच्या कांड्या टेकवायच्या, की सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास उत्तर हजर! शुक्रवारी दाखवतो, म्हणाले. नाही दाखवलं तर यंत्र जीवशास्त्राच्या मॅडमकडे जाणार होतं. मॅडमनी त्यासाठी टेबल पुसूनही ठेवलं होतं.

यंत्राला कांड्या दोन. एक आवाज सोडणारी, दुसरी पलीकडून ऐकणारी. ऐकणारी सरांच्याच हातून पडून ठार बहिरी झाली. पण सर डगमगणारे नव्हते. आता एकाच कांडीने आवाज सोडायचा आणि तिनेच तळावरून आलेला प्रतिध्वनी ऐकायचा. गणित जुनंच : जेलीची जाडी भागिले वेळ.

उत्तर आलं साडेसातशे.

सरांनी जेली घट्ट केली, पातळ केली, बुडबुडे सुईने टोचून काढले. उत्तर साडेसातशेला घोरपडीसारखं चिकटून. घरचा फ्रिज जेलीने भरला आणि दूध बाहेर राहून नासलं. "या घरात माणसंही राहतात, हे एकदा तुमच्या विज्ञानाला कळवा," बायको म्हणाली. सरांना ऐकू आलं नाही. त्यांनी चिडून कॉलेजच्या नळाचं नुसतं पाणीच मोजून पाहिलं. तेही जवळपास तितकंच! म्हणजे जेली निर्दोष होती. खोट पाण्यात होती.

ते तडक प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी घाबरून सगळे नळ बंद करवले. कॅंटीन बंद पडलं. वसतिगृहातली मुलं बिनआंघोळीची पहिल्या बाकांवर येऊन बसू लागली, तसे प्राध्यापक फळ्याला चिकटून शिकवू लागले. टाकी उपसून, घासून, नव्याने भरली.

शुक्रवारी सरांच्या कॅल्क्युलेटरवर पाणी पुन्हा साडेसातशेच. प्राचार्य मॅडमना घेऊन समोर उभे होते.

"आधी मोजता कसं, ते नीट समजावून सांगा," ते म्हणाले.

"सोपं आहे. आवाज इथून निघतो, तळाशी जातो, आपटतो आणि तिथून परत..."

सर थांबले.

"परत काय?" मॅडमनी विचारलं.

"येतो," सर बारीक आवाजात म्हणाले.

आवाज बिचारा जाऊन-येऊन दुप्पट धावत होता आणि सर त्याला एकाच फेरीची मजुरी देत होते! खिडकीबाहेर रिकाम्या बादल्या घेऊन अख्खं वसतिगृह रांगेत उभं होतं. सरांनी त्या रांगेकडे पाहिलं, कॅल्क्युलेटर पोटाशी धरला आणि अंगठ्याने हळूच दोनने गुणलं.

"पंधराशे," ते म्हणाले. "टाकी धुतल्याचा परिणाम."

प्राचार्यांनी त्यांचा हात हातात घेतला. यंत्र जागचं हलणार नाही, असं मॅडमना सुनावलं आणि इथून पुढे सरांनी मोजल्याशिवाय नळ उघडायचा नाही, असा हुकूमही सोडला.

तेव्हापासून सर रोज पहाटे पाणी मोजतात. ते रोज निर्दोष निघतं. एकदा त्यांनी सुट्टी मागितली, तर प्राचार्य दुखावल्यासारखे म्हणाले, "अहो, मग मुलांनी काय न मोजलेलं पाणी प्यायचं?"