चष्मेवाल्याचा मागचा शॉक

चष्मेवाल्याच्या माकडहाडाने त्याच्याशी उभा दावा मांडला होता. सायकलवरून उतरला की तो सोफ्यावर बसत नसे, एका बाजूला कलून टेकत असे. डोंगरवाटांसाठी हौसेने घेतलेली ती सायकल. तिच्या सीटखाली हवेवर चालणारा मागचा शॉक होता आणि खड्ड्याचा धक्का त्याने खायचा, असा करार होता. हल्ली मात्र प्रत्येक खड्डा थेट मालकापर्यंत पोचत होता. शॉक बदलून चांगला भारी घ्यावा की आहे तोच चालवावा, या एका प्रश्नाने त्याच्या जेवणाची चव घालवली होती.

त्यात घाईही होती. मुलगी शिकायला दूरच्या शहरात निघाली होती. जायच्या दिवशी सकाळी बापलेकीने टेकडीपलीकडच्या तलावापर्यंत सायकलने जाऊन यायचं ठरलं होतं. ती लहान होती तेव्हापासूनची त्यांची ही वाट. पुढे ती कधी येणार, आणि आली तरी तिला बापाबरोबर सायकल चालवायची हौस उरणार का, कुणी सांगावं! या एका फेरीत चष्मेवाल्याचा जीव अडकला होता. म्हणूनच शॉकच्या बाबतीत चूक होऊन चालणार नव्हतं.

गंमत अशी, की या माणसाचं पोटच मुळी दुसऱ्यांना ठरवायला लावण्यावर चालत होतं. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘हे बरं की हे?’ असं विचारायचं, आणि गिऱ्हाईक घुटमळलं की मनातल्या मनात चरफडायचं. त्याला स्वतःला जवळचा चष्मा लागून बरेच दिवस झाले होते, पण आपल्याला कुठली फ्रेम शोभेल ते काही ठरत नव्हतं. दुकानात भिंतभर फ्रेमा, आणि मालक मोबाइल हातभर लांब धरून वाचतोय!

सायकल दुरुस्तीवाल्याकडे तो सायकल न नेता तिचे फोटो घेऊन गेला.

“फोटोवरून काय सांगू? सायकल आणा,” दुरुस्तीवाला म्हणाला.

“आणली की तुम्ही काहीतरी करून टाकाल.”

“मग? त्यासाठीच आणतात ना?”

“माझं अजून ठरलेलं नाही.”

“साहेब, मागे मी फोनवर माझ्या चष्म्याचा नंबर विचारला, तेव्हा काय म्हणालात? डोळे घेऊन या!”

चष्मेवाला खजील झाला. सायकल मात्र त्याने नेली नाही.

मग त्याने गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. यंत्रावर हनुवटी टेकवलेला माणूस पळून जाऊ शकत नाही. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, आहे त्यात समाधान मानावं. बँकेतला रोखपाल म्हणाला, घ्यायचा तर सगळ्यांत भारी घ्या, रोज थोडाच घेतोय माणूस. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं, “शॉक नवा घेतलात की पुढच्या चाकाचा फोर्क जुना वाटेल. फोर्क बदललात की चाकं डोळ्यांत खुपतील. शेवटी जुनं म्हणून काय उरेल, तर घंटी आणि तुम्ही.” हे ऐकून चष्मेवाल्याला इतकं उदास वाटलं, की त्याने डॉक्टरांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवून दिली. डॉक्टर तासाभराने भिंतीचा आधार घेत परत आले.

“अहो, लग्नाला तरी तुम्ही हो कसं म्हणालात?” बायकोने विचारलं.

“बाबांनी सांगितलं होतं,” तो खिन्नपणे म्हणाला.

शेवटी मेहुणा धावून आला. त्याने आपल्या सायकलचा शॉक बदलला होता आणि जुना घरात धूळ खात पडला होता.

“भाऊजी, हा नुसता लावून बघा. पटला तर ठेवा.”

म्हणजे ठरवायचं नाहीच, नुसतं लावून बघायचं! चष्मेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं.

फेरीच्या दिवशी सकाळी लवकर उठून त्याने बैठकीच्या खोलीत सायकल आडवी केली. आपला शॉक काढून चष्मे पुसायच्या मऊ फडक्यावर ठेवला आणि मेहुण्याचा लावायला घेतला. एक टोक बसलं, पण मेहुण्याचा शॉक बोटभर लांब निघाला. दुसऱ्या टोकाचं भोक सायकलच्या फ्रेमच्या भोकासमोर येईना. त्याने गुडघ्याने फ्रेम दाबली, बोल्ट तिरका घातला आणि वर हातोडी हाणली. बोल्ट अर्धा आत गेला आणि अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. बोल्ट मालकावरच गेला होता. सायकलचं बूड इतकं वर उचललं गेलं होतं, की बसणारा हँडलवरून थेट पुढच्या खड्ड्यात जावा.

हेल्मेट घालून मुलगी बाहेर आली. तिने सायकल पाहिली, बाप पाहिला, आणि फडक्यावरचा जुना शॉक उचलला.

“बाबा, ही निळी कळ अजून अशीच आहे?”

“कुठली कळ?”

तिने शॉक त्याच्या पुढ्यात धरला. कळीशेजारी तिळाएवढं कुलपाचं चित्र होतं. मान मागे नेऊनही त्याला ते दिसेना.

“अहो, हा बंद केलेला आहे. चढावर सायकल हेलकावे खाऊ नये म्हणून असा बंद करतात. उतरताना उघडायचा.”

“मग बंद केला कुणी?”

“मीच,” ती ओशाळून म्हणाली. “गेल्या खेपेला टेकडी चढताना तुम्ही किती धापा टाकत होतात! म्हटलं, जरा सोपं जाईल. उतरताना उघडायला विसरले.”

“आणि इतके दिवस बोलली नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हाला नव्याची हौस आलीय. सगळ्या गावाला विचारलंत, बाबा. मला विचारलंत का?”

चष्मेवाला मटकन खाली बसला, तोही नेमका माकडहाडावर. पण दुखलं ते भलतीकडेच.

“तू तुझ्या सायकलवर जाऊन ये,” तो कसाबसा म्हणाला.

“एकटी जाऊन काय करू?” तिने हेल्मेट काढलं. मग दोघांनी मिळून तो बोल्ट ओढून पाहिला. तिची निघायची वेळ झाली, तरी बोल्ट काही निघाला नाही.

दुपारी तिची बस गेली. घरात पाय ठरेना, म्हणून चष्मेवाल्याने दुकान उघडलं. एक वयस्कर गृहस्थ आले. तपासणीच्या खोलीतला दिवा मालवून, त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवून त्याने भिंगं फिरवली.

“हे बरं की हे?”

“दोन्ही सारखंच दिसतंय हो. तुम्हीच सांगा.”

 चष्मेवाल्याने भिंगं बाजूला केली.

“घरी कोण असतं तुमच्या?”

“मुलगी आहे.”

“मग आधी तिला घेऊन या,” चष्मेवाला म्हणाला, आणि आपला चेहरा दिसू नये म्हणून दिवा लावायचं विसरल्यासारखं करून तसाच अंधारात बसून राहिला.