परचुऱ्यांचा दप्तरी अंगठा

मार्तंडराव परचुरे यांना उजव्या हाताचा अंगठा कुरतडण्याची सवय होती आणि ती सरकारदप्तरी नोंदलेली होती. झाले असे की, झाशीच्या त्यांच्या कार्यालयात हजेरीचे यंत्र बसले तेव्हा प्रत्येकाचा अंगठा जसा होता तसा उतरवून घेण्यात आला. परचुऱ्यांचा अर्धा खाल्लेला होता. यंत्राने कुरकुर केली नाही. सहा वर्षे ते रोज सकाळी तोच अर्धा अंगठा ओळखून ‘धन्यवाद’ म्हणत आले.

कुरकुर केली ती शारदाबाईंनी. पुतण्याच्या साखरपुड्यात नवरा व्याह्यांसमोर अंगठा चघळत बसला, तेव्हा त्यांनी त्याला मानिक चौकात, एका दुकानावरच्या माडीवर, अनुयासमोर नेऊन बसवले. अनुया अशा सवयींवर सजगतेचे उपचार करते. तिचे मराठी झाशीत वाढलेल्या मुलीचे.

“काका, हात तोंडाकडे निघाला ना, की उसको बस देखिए. रागवायचं नाही. श्वास घ्यायचा आणि त्याला म्हणायचं, दिसलास मला.”

मार्तंडराव आवक-जावक विभागातले. आलेल्याची नोंद घ्यायची आणि पुढे काहीही करायचे नाही, याची त्यांना तीस वर्षांची सवय. तीन महिन्यांत अंगठा भरून आला. शारदाबाईंनी तो ओरछा गेट भागातल्या सगळ्या शेजारणींना दाखवला.

सोमवारी यंत्र म्हणाले, “पुन्हा प्रयत्न करा.”

बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, अंगठा उजेडात धरून तपासला. “परचुरे जी, ये आपका नहीं है.”

“मेरा ही है भैया. ठीक हो गया है.”

“ठीक किससे पूछकर किया?”

यंत्रात नवा अंगठा चढवण्याची सोय होती. मात्र ओळख पटावी म्हणून आधी जुना लावायचा, असा नियम होता. कामाचे सलग पंधरा दिवस गैरहजर राहील तो नोकरी सोडून गेला असे धरायचे, हा दुसरा नियम. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. मार्तंडराव रोज दहा ते पाच खुर्चीत बसून गैरहजर राहू लागले.

ते अनुयाकडे धावले. “बेटा, पूर्वीसारखा करून दे.”

“काका, मला सोडवता येतं. लावणं सिलेबस में नहीं था.”

मग ते स्वतःच कुरतडायला बसले. पण हात निघाला की दिसायचा, लगेच श्वास घेतला जायचा आणि हात मुकाट मांडीवर परतायचा. मला विचाराल तर, इतका पक्का उपचार करणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी.

चौदाव्या दिवशी नोटीस निघाली: ‘आपण कोठे आहात ते तत्काळ कळवावे.’ ती जावक टेबलावर आली. मार्तंडरावांनी तिला क्रमांक दिला, शिक्का मारला, पाकिटावर आपलेच नाव पाहिले, ती स्वतःला बजावली आणि स्वतःकडून पोच घेतली. मग ती वाचली. पाच वाजेपर्यंत वाचतच होते. हात वर कधी गेला, ते या खेपेला त्यांना दिसले नाही.

पंधराव्या दिवशी यंत्र ‘धन्यवाद’ म्हणाले.

“देखा,” बडे बाबू खूश झाले, “आदमी सच्चा हो तो मशीन पहचानती है. लाइए, अब नया चढ़ा दें.”

मार्तंडरावांनी अंगठा पुढे केला.

“ये तो पुराना है. नया कहाँ है?”

हसा खुशाल. पण मागच्या खेपेला बँकेत शिरण्यापूर्वी तुम्ही रद्दी कागदावर स्वतःचीच पंचवीस वर्षांपूर्वीची सही तीनदा गिरवून पाहिलीत, ती कशासाठी?