कुलूप लावलेलं वजन

गरीब बाईच्या हाती कर्ज आलं की तिच्या लेकराच्या अंगावर मांस चढतं, असं कर्ज देणाऱ्या केंद्राच्या पत्र्याच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं. मोरजिनाच्या हाती कर्ज येऊन सात महिने झाले होते. तिच्या टुकूच्या अंगावर अजून तरी फक्त घामोळं आलं होतं.

कर्जातून आठ बदकं आली, बदकांनी अंडी दिली आणि अंडी दर मंगळवारी हप्त्यासाठी बाजारात गेली. केंद्राच्या कार्डावर मात्र रोज एक चौकोन असे : ‘आज मुलाला अंडं दिलं का?’ मोरजिना प्रत्येक चौकोनात न चुकता बरोबरची खूण करी. तिची रेघ सुंदर होती. रोज एक अंडं घरातून जाई हे मात्र खरं. पण ते मुंगूस नेई. दोन आठवड्यांपूर्वी तिने खुराड्याला चांगलं जाडजूड लोखंडी कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली. तरी अंडं जातच होतं. मुंगूस बहुधा शिकलेलं असावं.

आणि आता नियम निघाला होता. महिन्याभरात जिचं मूल दोनशे ग्रॅम वाढेल, तिलाच पुढचं कर्ज. मोरजिनाला त्यातून बदकांची शंभर पिल्लं घ्यायची होती. टुकू मागच्या खेपेला आठ किलो सहाशे भरला होता.

“चाळीस बायांसमोर पोराला तोलणार?” सासू सकाळपासून धुमसत होती. “बाजारात मासा टांगतात तसा? नजर लागली म्हणजे?”

“आम्मा, तुम्ही त्याला घेऊन या फक्त. मी पुढं होते.”

केंद्रात आंब्याच्या फांदीला काटा टांगला होता. केंद्राचे मोतालेब सर रांगेतल्या कोहिनूरला विचारत होते, “पन्नासच ग्रॅम? अंडी कुठं गेली?”

“हप्त्यात गेली, सर.”

“हप्त्याचा आणि अंड्याचा काय संबंध?”

कोहिनूरने हप्त्याच्या पेटीकडे पाहिलं, मग सरांकडे. तिचं नाव खोडलं गेलं.

तेवढ्यात सासू टुकूला कडेवर घेऊन आली. सरांनी पोराला काट्याच्या झोळीत बसवलं. काटा हलला, थरथरला आणि थांबला.

“नऊ किलो सहाशे!” सरांचा आवाज चिरकला. “महिन्यात एक किलो!”

“टुकूची आई, काय चारलंस गं? विटा?” कोहिनूर म्हणाली.

सरांनी कार्ड पाहिलं, पोराकडे पाहिलं. “फोटो काढून जिल्ह्याला पाठवतो. थांबा, आकडा पक्का हवा. सदरा काढा.”

“सदऱ्याला हात लावायचा नाही!” सासू मध्ये पडली.

“का? आत काय आहे?”

“माझा नातू आहे!”

टुकूला झोळीचा कंटाळा आला होता. त्याने स्वतःच सदरा वर केला. कमरेच्या करगोट्याला दोन तावीज होते, एक कवडी होती आणि एक जाडजूड लोखंडी कुलूप होतं.

कुलूप मोरजिनाच्या ओळखीचं होतं, खुराड्याचं.

“फसवणूक!” सर ओरडले. “कर्ज बंद! सगळ्या केंद्राचं बंद!”

“फसवणूक कसली, बाबा?” सासू शांतपणे म्हणाली. “लोखंडाला नजर बिचकते. घरात मोठं लोखंड हेच सापडलं.”

“आमची कर्जं बुडवलीस, म्हातारे!” मागून कोणी तरी किंचाळलं.

“काढा ते,” सर म्हणाले. “परत तोला.”

करगोटा सोडला. उघडाबंब टुकू पुन्हा लटकला. आता वजन उतरलं की शंभर पिल्लं गेली, आणि कार्डावरची प्रत्येक खूण खोटी ठरली. मोरजिनाने डोळे मिटले.

“नऊ किलो,” सर हळूच म्हणाले. त्यांनी पुन्हा वाचलं. “चारशेने वाढलाय की हो.” मग त्यांनी कार्ड उंच धरलं. “बघा! रोज अंडं! खोटं कसं असेल?”

टाळ्या पडल्या. सर्वांत जास्त वेळ मोरजिना वाजवत राहिली, कारण तिला थांबायचं सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर तिने सासूला गाठलं. मग म्हणाली, “आम्मा, मुंगूस तुम्हीच ना?”

“टुकूला उकडून देत होते. तू मंगळवारचा हप्ता मोजत बसायचीस, मी काय सांगणार?”

“पण किल्ली तर माझ्या पदराला होती.”

सासूने टुकूला दुसऱ्या कडेवर घेतलं, कुलूप हातात धरलं आणि नुसतं खाली ओढलं. ते उघडलं.