हंडे मोजणारे साहेब

बाळांनो, कल्पना करा. २००४ सालचा मे महिना आहे आणि आपण अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एका चाळीत पाणी खात्याच्या शशिकांत साहेबांच्या मागोमाग चाललो आहोत. दूर परदेशात एक मोठी परिषद भरली होती. जगात पाणी किती उरलं, याची तिला काळजी लागली. ती काळजी दिल्लीमार्गे, मुंबईमार्गे खाली येत येत साहेबांच्या हातात एका फॉर्मच्या रूपाने पडली. चाळीला टँकर द्यायचा की नाही, हे तो फॉर्म ठरवणार होता. नळ चार दिवस आला नव्हता.

नळापाशी एकशे बारा हंडे रांगेत होते. इथे माणसाचा नंबर त्याचा हंडा धरतो आणि माणूस कामाला जातो. साहेबांनी सगळे हंडे मोजले.

"साठा, एकशे बारा हंडे," ते लिहू लागले.

"अहो साहेब, रिकामे आहेत ते!" पहिल्या खोलीतल्या शीलाताई धावत आल्या. "जरा वाकून बघा ना आत!"

"आत डोकावणं आरोग्य खात्याकडे येतं, बाई. आमच्याकडे फक्त मोजणी."

बायकांनी भराभर हंडे उचलून घरात नेले. साहेबांनी पुन्हा मोजलं. शून्य.

"भांडीच नाहीत, म्हणजे मागणी नाही," ते म्हणाले. "टँकर ओतायचा कशात?"

"येडे समजता काय आम्हाला?" शीलाताई कडाडल्या. "हंडे ठेवले तर साठा, उचलले तर मागणी नाही. मग आम्ही करायचं काय?"

"सहकार्य."

हसू नका, साहेब मनापासून बोलत होते. बोलून बोलून त्यांचा घसा मात्र कोरडा पडला. त्यांनी पाणी मागितलं. भांडण आपल्या जागी, पण दारात आलेल्याला नाही कसं म्हणणार? शीलाताईंनी घरातला पिण्याच्या पाण्याचा हंडा तिरका करून तळातलं पाणी काढलं आणि ग्लास भरला. साहेब दोन घोट प्याले, उरलेलं तसंच ठेवलं आणि फॉर्म पुरा केला: 'मागताक्षणी पाणी मिळाले. टँकरची आवश्यकता नाही.' शिक्का मारून ते निघून गेले.

आपण दारातच राहिलो.

शीलाताईंची आठ वर्षांची भावना पुढे आली. तिने तो ग्लास उजेडात धरून नीट पाहिला, उरलेलं पाणी परत हंड्यात ओतलं, झाकण ठेवलं. मग फ्रॉकला ग्लास पुसला आणि आपल्याकडे बघून गोड हसली.

"उन्हातून आलात ना? बसा, तुम्हालापण पाणी देते."